संशयाची जात

जव्हारच्या वर्गात लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) शिकवताना पोलिसांचा प्रसंग आला की आदिवासी मुले माना खाली घालतात. त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा माणसाच्या कृतीवरून उचलून त्याच्या जन्मावर ठेवला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. संशय रद्द झाला नाही.

'उचल्या'शेजारी अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' ठेवून वाचले पाहिजे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर संध्याकाळच्या गाड्यांत सात स्फोट झाले. घरी परतणारी १८० हून अधिक माणसे ठार झाली. शेख शाळेत शिक्षक होते. या खटल्यात त्यांनी नऊ वर्षे तुरुंगात काढली आणि २०१५ मध्ये ते निर्दोष सुटले. शैलीचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकाला त्यांचे लेखन रूक्ष वाटेल. गायकवाड भूक सांगतात, शेख कलमे सांगतात. पण कबुलीजबाब कसा तयार केला जातो याचा तपशील हाच या पुस्तकाचा आशय आहे. मोक्काखाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरू शकते. सामान्य कायद्यात ठरत नाही.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बारा जणांची शिक्षा रद्द केली आणि कबुलीजबाब ग्राह्य मानले नाहीत. फाशी झालेल्या पाचांपैकी एक त्यापूर्वीच, २०२१ मध्ये, कैदेत मरण पावला होता. सरकार अपिलात गेले. हा निकाल पूर्वाधार मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही.

सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांचा समतोल साधावा, असे आपले विचारवंत सांगतात. पण या तराजूच्या एका पारड्यात सांगणाऱ्याची सुरक्षा असते आणि दुसऱ्यात भलत्याच कुणाचे स्वातंत्र्य. शिवाय चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो. मग स्फोटात मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळाले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४९ साली घटना समितीत आजचे कलम २२ मांडले. अटकेचे कारण, वकील आणि चोवीस तासांत दंडाधिकारी हे हक्क त्यात आहेत. त्याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे, हे आपण लपवू नये. म्हणूनच पहारा आपणच ठेवायचा आहे. संशयाची जात दलित साहित्याने ओळखली. त्या संशयाने धर्माचे नाव घेतले म्हणून आपण त्याला अनोळखी म्हणणार असू, तर 'उचल्या' आपण नुसतेच वाचले.