भूतकाळाचा 'ड' : मराठी माध्यमातील इंग्रजी अध्यापनाची एक चिकित्सा

महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जाऊ लागला. तत्पूर्वी मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. या निर्णयाची चर्चा बहुतांशी 'मातृभाषा की इंग्रजी' अशा व्यापक पातळीवर झाली; वर्गात नेमके काय शिकविले जाते आणि कसे, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. प्रस्तुत लेखात असा एकच बारीक प्रश्न विचारार्थ घेतला आहे. क्रियापदाला 'ई-डी' ही अक्षरे जोडून होणारा इंग्रजी साधा भूतकाळ मराठी मुलांना ज्या रीतीने शिकविला जातो, ती रीत त्यांच्या स्वभाषेच्या ज्ञानाचा उपयोग करते काय?

पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्यात, काळेवाडी व पिंपळे सौदागर यांच्या शेजारच्या रहाटणीसारख्या उपनगरात, मुलाची या प्रत्ययाशी पहिली गाठ पाठ्यपुस्तकात पडत नाही. ती रस्त्यावर पडते. कंपन्यांच्या फलकांवरचे 'प्रायव्हेट लिमिटेड', दुकानांवरचे 'एअर कंडिशन्ड', कारखान्यातून घरी येणाऱ्या बोलण्यातले 'रिजेक्टेड' आणि 'रिटायर्ड' हे शब्द त्याच्या कानावर आधीच असतात. मात्र या उसन्या शब्दांतून त्याला प्रत्ययाची दोनच रूपे कळतात : 'ड' आणि 'एड'. तिसरे रूप, म्हणजे 'ट', मराठीत येतानाच गळून पडले आहे. 'फिक्स्ड डिपॉझिट' बोलण्यात 'फिक्स डिपॉझिट' होते आणि हॉटेलच्या पाटीवरची भाजी 'मिक्स व्हेज' होते. ही मराठी भाषकाची चूक म्हणता येणार नाही. उसना शब्द आपल्या सोयीने घडविण्याचा हक्क प्रत्येक भाषेला असतो. परंतु 'वॉक' या क्रियापदाचा भूतकाळ वाचताना तेच मूल 'वॉकेड' असे का म्हणते, याचे उत्तर येथे मिळते. त्याने 'लिमिटेड'चा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

या गैरसमजाला बळकटी देण्याचे काम क्रियापदांच्या 'तीन रूपांच्या' तक्त्यांनी केले आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक मार्गदर्शिकांत या रूपांचे उच्चार देवनागरीत 'वॉक्ड', 'हेल्प्ड', 'वॉश्ड' असे छापलेले आढळतात. येथे लिप्यंतर उच्चाराचे झालेले नसून वर्णलेखनाचे झाले आहे. इंग्रजीच्या रूढ 'ई-डी' वर्णलेखनात हा भेद दिसत नाही, हे खरे; पण देवनागरीला तो सहज दाखविता येतो. कठोर व्यंजनानंतर 'ट' (लुक्ट, हेल्प्ट, वॉश्ट), मृदू व्यंजन किंवा स्वरानंतर 'ड' (क्लीन्ड, प्लेड), आणि मूळ क्रियापदाच्या शेवटी ट वा ड असेल तर 'इड' (वॉन्टिड, नीडिड), एवढाच हा नियम आहे. ज्या लिपीत तो एका ओळीत स्पष्ट झाला असता, त्याच लिपीचा वापर तो झाकण्यासाठी व्हावा, हा या मार्गदर्शिकांचा मुख्य दोष होय.

'वॉश्ट', 'हेल्प्ट' असे जोडाक्षरान्त शब्द मराठी मुलाला उच्चारता येत नाहीत, असा एक आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. 'गोष्ट', 'कष्ट' आणि 'नष्ट' म्हणणाऱ्या जिभेला 'वॉश्ट' अवघड जाण्याचे कारण नाही. 'भक्त' आणि 'गुप्त' यांतील त-च्या जागी ट आणला की 'लुक्ट' आणि 'स्टॉप्ट' यांचा शेवट तयार होतो. उलट, छापील 'वॉश्ड' हाच उच्चारायला कठीण आहे. कठोर श-नंतर मृदू ड आणण्याचा प्रयत्न करताना मूल मध्ये स्वर घालते आणि 'वॉशेड' म्हणते.

मराठी शब्दसंग्रहात याहून जवळचा आधार उपलब्ध आहे. तप् पासून 'तप्त' आणि मुच् पासून 'मुक्त' होते. परंतु लभ् पासून 'लब्ध' आणि दह् पासून 'दग्ध' होते. म्हणजे आधीचा वर्ण मृदू महाप्राण असेल तर त या प्रत्ययाचा ध होतो. लिख् आणि पठ् यांची रूपे मात्र 'लिखित', 'पठित' अशी स्वर घेऊन येतात. त, ध आणि इत. तिकडे ट, ड आणि इड. हे साम्य पूर्ण नाही. संस्कृतातील इ-च्या आगमाचे नियम वेगळे आहेत, आणि 'युक्त' या शब्दात प्रत्ययाऐवजी धातूचा वर्णच बदलतो. तरीही शेजारच्या वर्णानुसार प्रत्यय रूप पालटतो, ही कल्पना मराठी विद्यार्थ्याला परकी नाही. इंग्रजी भूतकालवाचक धातुसाधितातील हा प्रत्यय आणि संस्कृतातील त-प्रत्यय यांचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात, ही गोष्ट तर कुतूहल जागविणारी आहे. माध्यमिक वर्गात 'विपद् + काल = विपत्काल' हा संधी शिकविला जातो, त्याच शाळेत शेजारच्या तासाला 'ई-डी' पाठ करविले जाते, आणि दोन्ही तासांची एकमेकांशी ओळख होत नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी मातृभाषा असलेल्या लहान मुलांना बनावट क्रियापदे देऊन त्यांचे भूतकाळ विचारले होते. 'मेल्ट'चे 'मेल्टिड' बऱ्याच मुलांना येत होते; पण 'मॉट' या बनावट शब्दाचे 'मॉटिड' करणे पुष्कळांना जमले नाही. अर्थात 'इड' हे रूप त्यांना सर्वांत कठीण गेले. रहाटणीच्या मुलाची अडचण नेमकी उलटी आहे : त्याच्याजवळ 'एड' गरजेपेक्षा जास्त आहे आणि 'ट' मुळीच नाही. म्हणून इंग्रजी भाषक देशांतून आलेल्या फॉनिक्स वर्गांचा क्रम येथे जसाच्या तसा उचलणे युक्त ठरत नाही.

उच्चाराचा एवढा आग्रह कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. सुशिक्षित भारतीयही 'वॉक्ड' म्हणतात आणि त्यांचे कोठे अडत नाही. हे मान्य केले पाहिजे. प्रश्न लकबीचा नाहीच. ज्याच्या मनात 'ट'ची अपेक्षा नाही, त्याला तो ऐकूही येत नाही. 'आय वॉक्ट टु स्कूल' या वाक्यात प्रत्ययाचा ट पुढच्या ट-मध्ये मिसळतो आणि श्रुतलेखनात मूल वर्तमानकाळ लिहिते. ही चूक वहीत 'व्याकरणाची' म्हणून लाल होते. वस्तुतः ती कानाची असते.

'डिडन्ट प्लेड' या सर्वत्र आढळणाऱ्या चुकीचे मूळही असेच स्वभाषेत आहे. मराठीत 'खेळला' याचे नकारार्थी रूप 'खेळला नाही' असे होते. भूतकाळ क्रियापदावरच राहतो. इंग्रजीत तो सहायक क्रियापदाकडे जातो. हा फरक फळ्यावर दोन वाक्ये शेजारी लिहून दाखविता येतो, परंतु तक्त्यात त्याला जागा नाही. आपल्या लहानपणी 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणणारे मूल पुढे इंग्रजीत 'गोड' किंवा 'ईटेड' म्हणते, तेव्हा ते नियम शोधत असते, याचीही नोंद शिक्षकाने घ्यावयास हवी.

दोष केवळ शिक्षकावर ढकलणे अन्यायाचे होईल. प्राथमिक वर्गात एकच शिक्षक बहुधा सर्व विषय शिकवितो आणि त्याच्या हाती साधन म्हणून मार्गदर्शिकाच असते. सेमी-इंग्रजीच्या वर्गात गेल्यावर विज्ञानाच्या पानापानावर 'कॉल्ड', 'हीटिड', 'मिक्स्ट' ही रूपे भूतकाळ म्हणून नव्हे, तर धातुसाधित म्हणून येतात. तोपर्यंत 'ई-डी म्हणजे काल घडलेले' हे समीकरण घट्ट झालेले असते, आणि 'इज कॉल्ड' या दोन शब्दांत वर्तमान कोणता नि भूत कोणता, हे विद्यार्थ्याला उमगत नाही. २०१० पासूनच्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तोंडी कामाला आणि प्रकटवाचनाला स्थान आहे. त्या वाचनात 'वॉकेड' ऐकू आल्यावर नोंदवहीत 'उच्चार अस्पष्ट' एवढाच शेरा लिहावयाचा की फळ्यावर ट, ड आणि इड असे तीन रकाने आखून त्या दिवशीच्या धड्यातील क्रियापदे मुलांकडूनच त्यांत भरून घ्यावयाची, हे ठरविण्यास नव्या पाठ्यपुस्तकाची वाट पाहावी लागत नाही.