जालावरचे संदर्भ आणि आवृत्तीचा प्रश्न

संशोधनपर लेखांच्या संदर्भसूचीत आता संकेतस्थळांचे पत्ते सर्रास दिसतात. त्यावर ‘छापलेले ते पक्के, जालावरचे ते कच्चे’ असा आक्षेप घेतला जातो. हा निकष सोयीचा असला तरी टिकणारा नाही.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घ्या. त्याची पहिली आवृत्ती १८३१ची. सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे ती दुसरी. आवृत्ती, वर्ष, पृष्ठांक हे सारे तिथे नोंदवलेले आहे. असे असताना तिथे सापडलेला शब्द ‘१८३१च्या कोशात आहे’ असे कोणी लिहिले, तर दोष संकेतस्थळाचा नाही, अभ्यासकाचा आहे. शिवाय ही चूक किरकोळ नाही. मधली सव्वीस वर्षे मराठीत वृत्तपत्रे, शाळा आणि छापील गद्य रुजण्याची. शब्द त्याआधीचा की त्या काळात घडलेला, हाच तर भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न असतो.

तुकारामांच्या नावावरच्या रचनांचे दुखणे वेगळे आहे. शेवटी ‘तुका म्हणे’ असलेली एखादी रचना वीस संकेतस्थळांवर सापडते. पण विसांनी एकमेकांची नक्कल केली असेल, तर साक्षीदार एकच. तोही बहुधा निनावी. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेल्या गाथेचा पहिला खंड १८६९मध्ये निघाला. तिचे वजन ती छापली गेली म्हणून नाही. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्यांचा आधार संपादकांनी उघड सांगितला म्हणून आहे. पाठ कुठून घेतला हे न सांगणारी छापील गाथाही त्या वीस संकेतस्थळांच्याच पंक्तीत बसते.

म्हणून कसोटी माध्यमाची नको, मूळ आधाराची हवी. मजकूर कोणत्या प्रतीतून आला, कोणी उतरवला, मूळ पान पाहता येते का, एवढे विचारले तरी बरेच चाळून निघते. मार्गदर्शकांनी आणि संपादकांनी नुसता पत्ता न स्वीकारता आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठांक मागावा. नाहीतर कुणा अनामिकाच्या चार ओळींवर तुकोबांच्या विचाराची मांडणी होईल, आणि पुढचा अभ्यासक त्या मांडणीलाच पुरावा मानून चालेल.