स्लोवेन भाषेंतील द्विवचन : एक परीक्षण

लुसियें तेनियेर या फ्रेंच पंडितांनीं १९२५ सालीं पॅरिस येथें स्लोवेन भाषेंतील द्विवचनावर एक प्रबंध व त्यासोबत नकाशांचा संग्रह प्रसिद्ध केला. ग्रंथ जुना खरा. परंतु संस्कृताभ्यासकांनीं तो उपेक्षावा असा नव्हे. आल्प्स पर्वताच्या आग्नेय पायथ्याशीं बोलल्या जाणाऱ्या या स्लाव भाषेंत ‘आम्ही दोघे आहों’ यास ‘स्वा’, ‘ते दोघे आहेत’ यास ‘स्ता’ व ‘आम्ही सर्व आहों’ यास ‘स्मो’ म्हणतात. स्वः, स्तः, स्मः हीं रूपें घोकलेल्या वाचकास अधिक सांगणें नको. ‘दोन भाऊ’ याचें ‘द्वा ब्राता’ होतें. त्यांतील आकार वेदांतील ‘अश्विना’ या रूपाच्या आकाराचाच सोदर होय.

तेनियेर यांनीं केवळ व्याकरणग्रंथांवर न विसंबतां ठिकठिकाणच्या बोलींतील रूपें गोळा केलीं, हा त्यांचा मोठा गुण. त्यांवरून दिसतें कीं, पुष्कळ बोलींत स्त्रीलिंगी द्विवचनाची जागा अनेकवचनानें घेतली असून पुल्लिंगी रूपें अधिक चिवट ठरलीं आहेत. पश्चिम व दक्षिण सरहद्दींकडे तर द्विवचन पुष्कळच झिजलें आहे.

येथेंच आमचा आक्षेप येतो. तो तेनियेर यांच्या नकाशांवर नसून आंत्वान मेये यांच्या मतावर आहे. संस्कृति वाढते तसें द्विवचन मावळतें, असें मेये म्हणत. आम्हींही वर्गांत अनेक वर्षें हेंच सांगितलें, व द्विवचनास कंटाळलेल्या मुलांना तें गोडही वाटे. परंतु नकाशे उलट साक्ष देतात. द्विवचन गळतें आहे तें खेड्यांतील बोलींत. शाळा, न्यायालय व छापखाना यांची भाषा तें कटाक्षानें पाळते. २००४ पासून युरोपीय संघाच्या राजभाषांत बसलेली ही भाषा असंस्कृत कोण म्हणेल? ग्रीसमध्येंही आयोनियाच्या मागून, अथेन्सनें तें दीर्घकाळ राखलें. उलटपक्षीं आपल्याकडे अशोकाच्या गिरनार येथील लेखांत ‘द्वो मोरा’ असें आहे : संख्यावाचक शब्द जुना, पण नाम मात्र अनेकवचनी. शिष्ट संस्कृतानें त्यापुढेंही द्विवचन सोडलें नाहीं. तेव्हां संस्कृतीचा वाढता क्रम हें कारण नसून प्रमाणभाषेचा धाक हें टिकण्याचें कारण असावें, असें आम्हांस वाटतें.

दुसरा एक समज असा कीं, डोळे, हात, पाय अशा निसर्गसिद्ध जोड्यांच्या आश्रयानें द्विवचन जगतें. रशियन व चेक भाषांतील अवशेष पाहतां तो पटतो. चेक भाषेंत हात, डोळे यांसारख्या नामांच्या तृतीयेंत जुनें द्विवचन उरलें आहे. स्लोवेनमध्यें मात्र अगदीं विपरीत. आपण ‘नेत्रे’, ‘पादौ’ म्हणतों तेथें स्लोवेन मनुष्य साधें अनेकवचन वापरतो. पाय दुखतात तेही अनेकवचनांतच. ‘दोन’ किंवा ‘दोन्ही’ हा शब्द उच्चारला, म्हणजे तेंच नाम द्विवचनांत जातें.