‘आशा परत येते’ आणि ‘पाठलाग’ : नाव, चेहरा आणि ओळख

रहस्यकथेचा विचार आपल्याकडील समीक्षेने फारसा गांभीर्याने केलेला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांनी मराठी वाचकांच्या पिढ्या घडविल्या, तरी या वाङ्मयप्रकाराची भाषिक घडण अभ्यासविषय होऊ शकते, असे आपणांस क्वचितच वाटले. तिच्या चित्रपटरूपांविषयी तर बोलावयासच नको. जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी आणि तिच्यावर आधारलेला, राजा परांजपे दिग्दर्शित ‘पाठलाग’ (१९६४) हा चित्रपट यांचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो. राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ या नावाने त्याचे हिंदी रूप सादर केले.

कथेचे बीज असे : एका विधिज्ञाची पत्नी मृत्यू पावते. पुढे पोलिसांच्या हाती लागलेली एक गुन्हेगार स्त्री ‘मीच तुमची पत्नी’ असे सांगते. चेहरा तोच, खाजगी आयुष्यातील खुणाही ती सांगते. अखेरीस उलगडा होतो तो जुळ्या बहिणीच्या अस्तित्वाने.

येथे रहस्य खुनाचे नसून निर्देशाचे आहे. ‘मी’ हे सर्वनाम बोलणाऱ्या कोणाचेही होऊ शकते. विशेषनाम मात्र एकाच व्यक्तीला चिकटलेले असावे, अशी आपली समजूत असते. ‘मी आशा आहे’ या तीन शब्दांच्या वाक्याचे सत्यासत्य ठरविणे, एवढाच न्यायालयापुढील प्रश्न होय. कादंबरीच्या नावातही हाच खेळ आहे. देवनागरीत विशेषनामाला वेगळे मोठे अक्षर नसल्यामुळे ‘आशा’ ही व्यक्ती की भावना, हे शीर्षकावरून ठरत नाही. आणि ‘येते’ हा वर्तमानकाळ घटना सांगतो की नित्य नियम, हेही संदिग्ध राहते. ‘पाठलाग’ या नामात कर्ता नाही आणि कर्मही नाही : कोण कोणाच्या मागे लागले आहे, हे प्रेक्षकाने ठरवावयाचे. ‘मेरा साया’ मध्ये षष्ठीचे सर्वनाम आहे, परंतु ते कोणाच्या तोंडचे, हा प्रश्न उरतोच.

माध्यमभेद याहून खोल आहे. गद्यात चेहरा नसतो. दोन स्त्रिया हुबेहूब सारख्या आहेत, हे निवेदकाने विधानाने सांगावे लागते व वाचकाने ते विश्वासाने स्वीकारावे लागते. शिवाय कोठडीतील स्त्रीला निवेदकाने काय म्हणावे? ‘आशा’ म्हटले तर रहस्य संपले. ‘ती स्त्री’ म्हटले तर निवेदक फिर्यादी पक्षाला मिळाला. कॅमेऱ्यावर नाव घेण्याची सक्ती नाही. परंतु त्याची अडचण नेमकी उलट आहे. एकाच अभिनेत्रीचा चेहरा दिसत असल्याने साम्य आयतेच मिळते. निर्माण करावा लागतो तो भेद. त्यातच दुहेरी भूमिकेच्या संकेताला सरावलेला प्रेक्षक जुळ्या बहिणीचा तर्क लवकर बांधतो.

हिंदी रूपात हा भेद आवाजाने साधला आहे. मदनमोहन यांच्या संगीतात शीर्षकगीत लता मंगेशकरांचे, तर बरेलीच्या बाजाराचे प्रसिद्ध नृत्यगीत आशा भोसले यांचे. पडद्यावरील दोन बहिणींना दोन बहिणींचेच आवाज मिळाले, हा योगायोग असो वा योजना, चेहरा जे सांगू शकत नाही ते येथे कान सांगतो.

मराठीपुरता आणखी एक मुद्दा आहे. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात पती पत्नीला ‘तू’ म्हणे आणि ती त्याला ‘अहो’. पोलिसांच्या तोंडी आरोपीलाही ‘तू’च. म्हणजे जवळीक आणि तुच्छता यांसाठी मराठीत एकच सर्वनाम. असा पती आरोपी स्त्रीला ‘तू’ म्हणतो, तेव्हा तो तिला ओळखतो आहे की नाकारतो आहे, हे व्याकरण सांगत नाही. स्वराघात सांगतो, आणि स्वराघात ही पडद्याची मिरासदारी आहे. हिंदीत पत्नीसाठी ‘तुम’ रूढ असल्याने ही गाठ तशी पडत नाही.

यावरून चित्रपट सरस की कादंबरी, असा निवाडा काढणे अप्रस्तुत होईल. मात्र रहस्याचे केंद्र सरकते, हे नोंदविले पाहिजे. ‘ही कोण?’ या प्रश्नाचा तर्क पडद्यावर आधीच बांधला गेल्यावर उरतो तो ‘तो तिला मान्य करील काय?’ हा प्रश्न. एका स्त्रीचे स्वतःविषयीचे विधान पतीच्या दुजोऱ्यावाचून पुरावा ठरत नाही, ही गोष्ट कथानकाच्या मुळाशीच आहे. गद्यात ती कोड्याआड झाकून राहू शकते. पडद्यावर, आपल्यासमोर उभी असलेली स्त्री आपले नाव पुनःपुन्हा सांगत असता कोणी ऐकत नाही, तेव्हा ती झाकता येत नाही. रूपांतराने मूळ कृतीचा अर्थ उघड करावा, ही अपेक्षा रास्त मानली, तर ‘पाठलाग’ तिला उतरतो.