पोखरण रस्त्याचा चित्रकार

वर्तकनगरहून पोखरण रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, या परिसराचे नाव एका महत्त्वाच्या चित्राला लाभले आहे? ‘पोखरण’चे चित्रकार सुधीर पटवर्धन (जन्म १९४९) ठाण्याचेच रहिवासी. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत होते. चित्रकला मात्र त्यांनी स्वप्रयत्नाने साध्य केली.

क्ष-किरण मांस वगळून हाडे दाखवितात. पटवर्धनांचा कुंचला ते मांस आणि तो थकवा देहाला परत देतो. ‘इराणी रेस्तराँ’ (१९७७) व त्या काळातील इतर चित्रांतली माणसे म्हणूनच भरीव आणि जड वाटतात. मार्क्सवादी विचारांचा प्रभाव असूनही चित्रकाराने कष्टकऱ्याला घोषणेचे साधन केले नाही, की दयेचा विषयही केले नाही.

पुढे ‘पोखरण’, ‘लोअर परळ’ (२००१), ‘उल्हासनगर’ (२००१) या चित्रांत नगरालाच नायकत्व आले. या विस्तीर्ण पटावर माणूस लहान झाला, हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. पूर्वी समोर उभा ठाकणारा माणूस आता गर्दीत शोधावा लागतो. परंतु हा दोष चित्राचा की नगराचा? १९८२ च्या संपानंतर परळच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आपल्या पोखरण रस्त्यावरील रेमंडची गिरणीही २००९ मध्ये थांबली. माणसाला आधी नगराने लहान केले. चित्रकाराने ते प्रामाणिकपणे नोंदविले, असेच मी म्हणेन.

२०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पटवर्धनांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. मात्र ज्यांचे जीवन या चित्रांत उतरले, त्यांच्यापैकी किती जण अशा दालनाची पायरी चढतात? स्वतः पटवर्धनांनी समकालीन कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरोशहरी नेण्यासाठी पुढाकार घेतला होता. उरलेले काम आपले आहे. या चित्रांच्या प्रतिकृती आपल्या शाळांत व सभागृहांत लागाव्यात, मुलांनी त्यांत आपले रस्ते ओळखावेत.

शोमरोनी माणसाच्या दाखल्यात याजकाने आणि लेव्यानेही जखमी वाटसरूला पाहिले होते. थांबला तो शोमरोनी. पटवर्धनांची चित्रे आपल्याला तसे थांबावयास लावतात. रोज ज्यांना ओलांडून आपण पुढे जातो, ती माणसे तेथे आपली वाट अडवून उभी असतात.