सुराध्यक्षाचा अध्याय आणि ताजी बिअर

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील पंचविसावा अध्याय आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनी १९०९ साली हा ग्रंथ प्रथम छापून प्रसिद्ध केला. पुढे १९६० मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रा. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती काढली. तेव्हापासून मंडलसिद्धान्त, दुर्गविधान, गूढपुरुषांची योजना यांवर व्याख्याने पुष्कळ झाली. सुराध्यक्षाचे प्रकरण मात्र व्याख्याते हळूच ओलांडून जातात. देवळाच्या सभामंडपात पुराण-कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या समाजास हा विषय अवघड वाटावा, हे समजण्यासारखे आहे. परंतु ग्रंथाचे परीक्षण करावयाचे तर सोयीची पाने तेवढी वाचून भागत नाही.

या अध्यायाची आठवण होण्यास कारणही तसेच घडले आहे. हैदराबादेत नामपल्ली स्टेशनाच्या आसपास राहणारी आपली तरुण मंडळी हल्ली विचारतात की, लहान प्रमाणावर, निगुतीने केलेली ताजी बिअर जवळपासच्या दुकानांत कोठे मिळेल? तिला ते क्राफ्ट बिअर म्हणतात. पुण्यात २००९ मध्ये डूलाली निघाली, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे रूढ होत गेला. वडीलधारी मंडळी हा प्रश्न ऐकून कानावर हात ठेवतात. आमच्या मते प्रश्न रसिकतेचा आहे, आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी कौटिल्याला विचारून पाहणे बरे.

कौटिल्य सुरेची निंदा करीत नाही आणि स्तुतीही करीत नाही. पानगृहात अनेक खोल्या असाव्यात, निरनिराळी शय्या-आसने असावीत, गंध, माल्य व पाणी असावे, आणि ते सर्व ऋतूंत सुखकर असावे, असे तो सांगतो. जकात आणि तराजू यांच्याविषयी लिहिताना जी कोरडी, नेमकी भाषा तो वापरतो तीच येथेही आहे. तरी ‘ऋतूंत सुखकर’ या अटीपाशी वाचक क्षणभर थांबतो. दुसरा नियम याहून महत्त्वाचा. सुरा गावाबाहेर नेऊ नये, कारण कामकरी कामात चुकतील, आर्य मर्यादा सोडतील आणि शस्त्र चालविणारे बेफाम होतील. परंतु ज्याचे शील ठाऊक आहे त्याने खूण केलेल्या मापाने थोडी घरी न्यावयास हरकत नाही. ते माप पाव कुडुबापासून एक प्रस्थापर्यंत.

मग पाककृती येतात. मेदक नावाच्या सुरेला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एका द्रोणात सोळा प्रस्थ आणि अर्ध्या आढकात दोन, हे ध्यानात घेता सोळा भाग पाण्यास दोन भाग तांदूळ व तीन भाग किण्व, असे प्रमाण पडते. हे किण्व कशाचे? उडीद वाटून, कच्चे वा शिजवलेले, त्याच्या एकतृतीयांश अधिक तांदूळ आणि मोरटा इत्यादी वनस्पतींचा थोडा अंश. उडीद आणि तांदूळ रात्री भिजवून, वाटून आंबवणे ज्या घरांत नित्याचे आहे, त्या घरातील गृहिणीला हे वाचून परके वाटणार नाही. आंबवण्याच्या क्रियेस आपले शास्त्रज्ञ किण्वन म्हणतात, तो शब्द याच किण्वाचा वंशज. मेदकात जव नाही, हॉपची फुले नाहीत. तरी धान्य आंबवून केलेले पेय म्हणून बिअरचा तो जवळचा आप्त आहे.

आता ताजेपणाविषयी. बिअरचा सुवास हॉपच्या तेलांत असतो आणि तीच आधी उडतात. हवेतील प्राणवायू तिला शिळी करतो, ऊन तर काही मिनिटांत बिघडवते. म्हणून बाटल्या तपकिरी काचेच्या करतात. नामपल्लीतील परवानाधारक दुकानात येणारी प्रत्येक बाटली सरकारी महामंडळाच्या गोदामातून येते. हैदराबादचा उन्हाळा, मालाची चढउतार आणि दुकानातील फळी यांतून ती जाते. उलटपक्षी, तेलंगण सरकारने २०१५ मध्ये बिअर करण्याच्या लहान कारखान्यांना ज्या नियमांनी वाट मोकळी केली, त्यांत तेथली बिअर तेथेच प्यावयास देण्याचा बंध होता. म्हणजे ताजी बिअर दुकानात येऊ शकत नाही, आणि दुकानात येते ती ताजी असण्याची शाश्वती नाही. शीलवंताला प्रस्थभर घरी नेण्याची कौटिल्याने दिलेली मुभा या नियमांनी दिली नाही. कौटिल्याचा कायदा अधिक सैल होता असे यावरून कोणी समजू नये. परवान्यावाचून सुरा विकणाऱ्यास त्याने सहाशे पणांचा दंड सांगितला आहे. पण माणूस ओळखून माप ठरविण्याची दृष्टी त्याच्यापाशी होती.

तेव्हा नामपल्लीच्या तरुणाने दुकानात काय करावे? बाटलीवरील भरण्याची तारीख वाचावी, उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये, थंड कपाटातली मागावी. एवढेच.

तथापि आमच्या मनात अधिक काळ घोळत राहिले ते याच अध्यायातील एक वाक्य. सुरा कमी किमतीला किंवा उधार देऊ नये, असा नियम सांगून कौटिल्य अपवाद करतो तो बिघडलेल्या सुरेचा. ती अन्यत्र विकावी, दासांना व कामकऱ्यांना वेतन म्हणून द्यावी, नाही तर ओढीच्या जनावरांना व डुकरांना पाजावी. ग्रंथकाराच्या नेमकेपणाचे कौतुक करणाऱ्याने येथे मान खाली घालावी. शिळे ते गरिबाचे, हा व्यवहार त्याने निर्विकारपणे नोंदविला आहे.

आणि हैदराबादेत तो संपलेला नाही. या प्रदेशाचे खरे ताजे पेय ताडी. आपल्या कोंकणीत तिला सूर म्हणतात, आणि ती काढणाऱ्याला रेंदेर. झाडावरून उतरते तेव्हाच ती आंबू लागलेली असते, आणि दिवस उलटला की आंबट होते. तिच्याइतके ताजेपणावर अवलंबून असलेले पेय दुसरे नाही. आषाढातील बोनालूत देवीपुढे तिची धार सोडतात. शहरातील ताडीची दुकाने २००४ मध्ये बंद झाली, २०१४ मध्ये पुन्हा उघडली. २०२३ मध्ये हुसेनसागराकाठी सरकारने नीरा कॅफेही उघडला. परंतु मागणी मोठी आणि झाडे दूर. म्हणून पाण्यात क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम मिसळून ताडी म्हणून विकणारे तेलंगणात पुन्हापुन्हा सापडले. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्लीच्या बाजूस अशा ताडीने माणसे दगावली. ती बहुतेक हातावर पोट असलेली होती. हॉपचा सुवास किती दिवस टिकतो याची चर्चा ज्या शहरात चालते, त्याच शहरात ती मजुरीच्या पैशांनी ताडी विकत घ्यावयास गेली होती.