विदुलेला न पटणारा विस्तव

नाताळ आणि एकतीस डिसेंबर यांच्या मधल्या एखाद्या संध्याकाळी आमच्या चर्चच्या तरुण संघाचा बार्बेक्यू असतो. लीडर म्हणून माझ्याकडे हजेरी, वर्गणी आणि मुलींना वेळेत घरी पोचवणं एवढीच कामं. उरलेला सगळा वेळ मी भाजायच्या ड्रमापाशी उभी असते. भाजणाऱ्या माणसाचे हात जवळून पाहिल्याशिवाय त्या कोंबडीची पुरती चव कळत नाही, हे माझं ठाम मत आहे.

नागपूरच्या लकडगंजात जळण निवडण्यात काय अवघड, असं कोणालाही वाटेल. चार पावलांवर आरा मशीन, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागाच्या थप्प्या, हवेत सदाचाच भुसा. पण ड्रम सांभाळणारे आमचे काका सागाच्या ढलप्यांना हातही लावत नाहीत. त्यांची हयात टिंबर मार्टात गेली. सागाच्या अंगात तेल असतं, त्याचा धूर उग्र, आणि तो मांसात उतरतो. प्लायवूडचे तुकडे त्यातल्या चिकटद्रव्यामुळे वर्ज्यच. पोरांचा जीव तेंदूवर, कारण तेंदू तडतडतो आणि ठिणग्यांची कारंजी उडवतो. महाभारतातल्या विदुलेनं हरून घरी येऊन पडलेल्या मुलाला धारेवर धरलं, तेव्हा उपमा घेतली ती याच तेंदूच्या कोलिताची. कोंड्याच्या आगीसारखं धुमसत राहण्याचा तिला तिटकारा. काकांचा पक्ष नेमका उलटा. तेंदूच्या दोन फांद्या ते हौसेखातर पेटवून देतात, टाळ्या-आरोळ्या होऊ देतात, आणि मग मुकाट बाभळीकडे वळतात. बाभूळ जड, पेटायला आळशी. पण तिचा निखारा धरून राहतो. क्षत्राणीचा सल्ला रणांगणावर ठीक, कोंबडीला तो मानवत नाही.

निखारे पसरण्यातली नजर तर बघत राहावी अशी. तेलाचा जुना ड्रम उभा चिरून, आतून जाळून-घासून, लोखंडी अँगलच्या पायांवर बसवलेला. नवखा माणूस त्यात विस्तव सगळीकडे सारखा पसरेल. काका एका टोकाला ढीग करतात, मधे विरळ थर देतात आणि दुसरं टोक जवळजवळ रिकामं ठेवतात. एकाच जाळीवर तीन आचा: रंग धरायला, शिजायला आणि नुसतं उबेत विसावायला. ज्वाळा मोडून निखाऱ्यांवर राखेची पांढुरकी साय धरेपर्यंत जाळीवर काही चढत नाही. मग तळहात वीतभर उंचावर धरायचा आणि तो किती वेळ टिकतो ते पाहायचं. तो हात मी दरवर्षी बघते. त्याला थर्मामीटरची कधी उणीव भासलेली नाही.

मसाल्याच्या बाबतीत नागपूरकराचा मोह ठरलेला. ‘काका, सावजी मारू ना!’ अशी आरोळी कोणीतरी ठोकतोच. सावजीचा झणका हलबा कोष्ट्यांच्या चुलीवरचा. त्याला तेल लागतं, रस्सा लागतो. दगडफूल-खसखशीचं ते वाटण उघड्या निखाऱ्यावर आधी करपतं, मग कडवट होतं. म्हणून इथे घट्ट चक्का, आलं-लसूण, मीठ आणि किंचित कच्ची पपई. पपई जास्त झाली की मांसाचा लगदा होतो. तंगडीला हाडापर्यंत चिरा, म्हणजे मीठ आत पोचतं. भिवापुरी मिरची दोन हप्त्यांत: थोडी चक्क्यात, बाकीची शेवटी तुपात कालवून वरून. लिंबाच्या जागी आंबिया बहाराचं संत्रं, तेही जाळीवरून उतरवल्यावर, कारण रसातली साखर आचेवर काळवंडते. सालही वाया जात नाही. निखाऱ्याकडे तोंड करून ती दाबली की तेलाचा फवारा भपकन पेटतो आणि सगळ्या अंगणात संत्र्याचा वास सुटतो. पोरांना ती आतषबाजी वाटते. तेंदूची हौस काकांनी अशी परत आणली, पण स्वयंपाक होऊन गेल्यावर!

तुकडे चढवण्याआधी तेलात बुडवलेला अर्धा कांदा काट्याला टोचून सळ्यांवरून फिरतो. यानंतरचं काम काहीच न करण्याचं, आणि तेच तरुण हातांना सगळ्यात जड जातं. चिमटा मिळाला की पोरगं तुकडा उलटायला जातं. तुकडा सळीला धरून बसतो, ओढला की कातडी फाटते. ‘राहू दे ना बाप्पा. तो सोडंल तवा उचल.’ आणि खरंच, खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपणहून सळी सोडतो. चरबी ठिबकून जाळ उठला तर काका पाण्याचा हबका मारत नाहीत, राख उडून सगळ्यावर बसते. ते फक्त तुकडा रिकाम्या टोकाकडे सरकवतात. दीड तासात त्यांच्या तोंडून निघालेली वाक्यं बोटांवर मोजावीत. माझ्या युवक शिबिरांतल्या भाषणांना ही काटकसर कधी जमली नाही.

शाकाहारी मित्रांसाठी कोपऱ्यात गोवऱ्यांची वेगळी धग: तीत रोडगे, वांगी, रताळी. जाड्या कणकेचा रोडगा राखेतून काढून फडक्यानं झटकायचा आणि फोडून तुपात बुडवायचा. विदर्भाला बार्बेक्यू शिकवायला कोणी यायला नको होतं.

भाजणं चालू असताना गाणी. आधी गिटारवर कॅरल, मग कोणीतरी ढोलकी ओढतो आणि ना. वा. टिळकांचं भजन सुरू होतं. नागपूर-राजनांदगाव रेल्वेप्रवासात एका अनोळखी साहेबाशी झालेल्या बोलण्यातून टिळक ख्रिस्ताकडे वळले आणि 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे ते आमच्याच वाटेवरचे. भजन सुरू झालं की काकांच्या हातातलं सूप बघावं. वारा घालण्याची लय नकळत ठेक्यात येते, समेवर झोत जरा मोठा, आणि निखारे त्या मात्रेला लाल होतात. हे ते मुद्दाम करतात का, मला माहीत नाही. विचारलं तर बंद होईल, म्हणून विचारत नाही.

उपकारस्तुती पाळकसाहेब करतात, ती आटोपशीर असते, कारण कोंबडी थांबत नाही. रांगेत अँग्लिकन घराण्यातली मुलं, बाप्टिस्ट घरची, कोणाच्या कॉलेजातले हिंदू, बौद्ध मित्र. याच शहरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बाप्तिस्मा बाळपणी की जाणतेपणी, यावर घरची वडीलधारी मंडळी अजून वाद घालू शकतात. रांगेतला वाद फक्त तंगडीवरून असतो.

लीडरनं शेवटी जेवायचं, असा रिवाज आहे. त्यात त्याग वगैरे काही नाही. तोवर तंगड्या संपलेल्या असतात, पण रिकाम्या टोकाला मानेचे तुकडे आणि पंख तासभर विसावलेले असतात. चरबी पुरती वितळलेली, कातडी पापडासारखी, हाडाशी लागलेलं मांस सुटं. काका ते माझ्या ताटात सरकवतात, वर संत्र्याची एक फोड पिळतात आणि मागून आलेल्या पोराला बेधडक सांगतात, ‘संपलं गड्या, आता रोडगे घे.’